समुद्रकड्यातल्या वळ्या: पुण्यातून सतत येणारे प्रश्न

पावसाळा सरला की रविवारी सकाळी आम्ही दहा-बारा जण वेताळ टेकडीवर खडक बघायला जातो. जुन्या खाणीच्या काठावर थर्मासमधला चहा होतो आणि मी एक फोटो सगळ्यांच्या हातात फिरवतो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमध्ये, लुलवर्थ कोव्हला लागून ‘स्टेअर होल’ नावाची छोटी खाच आहे. तिच्या मागच्या कड्यात चुनखडकाचे थर सकाळी उठल्यावर पलंगावर पडलेल्या चादरीसारखे चुरगळलेले दिसतात. फोटो फिरला की समोरचा बेसाल्ट राहतो बाजूला आणि प्रश्न सुरू होतात. घरी गेल्यावर फोनवरही येतात, बरेचसे तेच ते. म्हणून ते इथे एकत्र केलेत. प्रश्नांची भाषा विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे.

१. कड्यात लाटांसारखे पट्टे दिसतात ते नेमकं काय असतं?

एकेकाळी आडवे साचलेले गाळाचे थर. वाळू, चिखल, शिंपल्यांचा चुरा असं काहीबाही समुद्राच्या किंवा सरोवराच्या तळाशी थरावर थर बसत गेलं, दाबलं गेलं, त्याचा खडक झाला. नंतर जमिनीच्या पोटात दोन्ही बाजूंनी रेटा आला आणि ते थर वाकले. या वाकण्याला भूगोलाच्या पुस्तकात ‘वली’ म्हणतात (‘वली पर्वत’ शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला असतो), काही पुस्तकांत ‘घडी’ म्हणतात. आम्ही बोलताना ‘वळी’ म्हणतो, पोटावरच्या असतात तशीच.

यातलं एक वाक्य पुढच्या निम्म्या उत्तरांना लागणार आहे: थर आधी सपाट होता आणि नंतर वाकला, तरच ती वळी. जन्मतःच वाकडं असलेलं काहीही वळी नव्हे.

२. समुद्राच्या लाटा आपटून आपटून थर वाकले का?

नाही. हा सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न आहे आणि तो पडणं साहजिकही आहे, कारण आकार लाटेचा आणि समोर समुद्र. पण लाट दगड फोडते, झिजवते, त्यात गुहा पाडते. ती दगड वाकवू शकत नाही. स्टेअर होलचे थर साधारण १४ कोटी वर्षांपूर्वी साचले आणि त्यांना वळ्या पडल्या त्या तीनेक कोटी वर्षांपूर्वी, आफ्रिका आणि युरोप एकमेकांवर रेटले जाऊन आल्प्स उभे राहत होते तेव्हा. धक्का तिकडे दूर बसत होता, त्याची शेवटची धग इंग्लंडच्या दक्षिण टोकापर्यंत पोचली. आजचा समुद्र तिथे आला तो त्यानंतर फार उशिरा. त्याने फक्त पडदा बाजूला केला.

३. मग असल्या वळ्या समुद्रकड्यांतच का दिसतात?

वळ्या किनाऱ्यापासून दूरही असतात, पण दिसायला कापलेली बाजू लागते. आत जमिनीवर खडकावर माती चढते, गवत येतं, झाडं येतात. समुद्रकाठी लाटा पायथा पोखरतात, वरचा भाग ढासळतो, पडलेला मालही लाटाच उचलून नेतात. त्यामुळे कड्याचं तोंड कायम ताजं राहतं. आपल्याकडे असा ताजा छेद बघायचा तर नव्या रस्त्यासाठी कापलेला डोंगर किंवा दगडखाण गाठावी लागते.

दुसरी सोय अशी की कड्याच्या पायाशी बऱ्याच ठिकाणी लाटांनी तासलेलं सपाट कातळ असतं. ओहोटीला त्यावरून चालता येतं. कड्यात वळीचा उभा छेद आणि पायाखाली त्याच वळीचा आडवा छेद, दोन्ही एकाच जागी. भूविज्ञानाच्या विद्यार्थ्याला याहून जास्त काय हवं!

४. दगड वाकेल कसा? तो तर फुटतो.

हातोड्याने मारला तर फुटतोच. पण फुटायचं की वाकायचं हे दगडाच्या जातीइतकंच तो कुठे आहे आणि रेटा किती सावकाश येतोय यावर ठरतं.

घरी चिक्की करता त्यांना हे सांगायला नको. पाक गरम असतो तोवर पोळपाटावर लाटला जातो, कडेला दुमडतोही. गार झाला की कटकन तुटतो. जमिनीत खाली जावं तसं दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश तापमान वाढतं. म्हणजे दहा किलोमीटर खोलीवर खडक ३०० अंशांच्या आसपास तापलेला असतो आणि त्याच्यावर अडीच हजार वातावरणांहून जास्त दाब असतो. चारी बाजूंनी इतकं आवळलेलं असताना भेगेला उघडायला जागाच मिळत नाही. खनिजांचे कण आतल्या आत सरकतात, दाबाच्या बाजूने विरघळतात, दुसऱ्या बाजूला पुन्हा जमतात आणि दगड न तुटता आकार बदलतो. अर्थात सगळ्या वळ्या इतक्या खोल होत नाहीत. शेल किंवा चिखलखडक मऊ असतो, त्याच्यासोबतचे चुनखडकाचे पातळ थर कमी खोलीवरही वळतात. मात्र तिथे बारीक भेगा भरपूर दिसतात. स्टेअर होलला जवळून पाहिलं तर कमानीच्या बाहेरच्या अंगाला थर तडकलेले सापडतात.

उरला वेग. वर्षाला एक मिलिमीटर रेटा दिला तर दहा लाख वर्षांत एक किलोमीटर होतो. पुस्तकांनी भरलेली फळी एका दिवसात वाकत नाही, दहा वर्षांनी पाहिली तर मधोमध पोट आलेलं असतं. तीच फळी गुडघ्यावर ठेवून झटक्यात दाबा, मोडेल.

हे पहिल्यांदा करून दाखवलं स्कॉटलंडच्या सर जेम्स हॉल यांनी. बेरिकशायरच्या किनाऱ्यावर कड्यातल्या वळ्या पाहून त्यांनी टेबलावर कापडाचे तुकडे एकावर एक पसरले, वर एक दार आडवं ठेवलं, त्यावर वजन ठेवलं आणि दोन्ही बाजूंनी फळ्यांनी रेटलं. कापडांना हुबेहूब कड्यासारख्या वळ्या पडल्या. १८१५ साली छापलेल्या निबंधात हा प्रयोग आहे. मी तो फरशीवर जुन्या साड्या, एक चादर आणि आजीची गोधडी घेऊन करतो. वर वजन न ठेवता रेटलं तर कापड नुसतं एका जागी फुगून उभं राहतं. पोरांना वर बसवलं की खरी वळ्यांची रांग उठते. दोन पोरं पुरतात.

५. अपनती कुठली आणि अभिनती कुठली? दरवेळी गोंधळ होतो.

वर फुगलेली कमान ती अपनती, खाली लोंबलेली झोळी ती अभिनती. कमानीच्या दोन्ही बाजूंचे थर एकमेकांपासून दूर उतरतात, झोळीतले एकमेकांकडे. थर उलटेपालटे झाले असतील तर मात्र नुसत्या आकारावर जाता येत नाही. त्यासाठी प्रश्न १५ पाहा.

६. काही वळ्या गोल असतात, काही करवतीच्या दातांसारख्या. का?

कोण कोणासोबत दुमडला गेलाय त्यावर ते ठरतं. जाड, ताठ थर मऊ थरांत अडकलेला असेल तर वळीचा आकार तो ताठ थर ठरवतो आणि मऊ थर निमूटपणे उरलेली जागा भरतात. थर जितका जाड तितकी वळी रुंद. गोधडी आणि ओढणी शेजारी शेजारी ठेवून रेटा: गोधडीला दोन-तीन मोठ्या वळ्या पडतील, ओढणीला डझनभर.

करवतीचे दात बघायचे तर कॉर्नवॉलमधलं मिलुक हेवन. तिथे वालुकाश्म आणि शेल यांचे पातळ थर आलटून पालटून शेकडोंनी आहेत. साधारण ३० कोटी वर्षांपूर्वी ते रेटले गेले तेव्हा थर पत्त्यांच्या कॅटसारखे एकमेकांवरून घसरले. बाजू सरळ राहिल्या आणि सगळं वाकणं कोपऱ्यात गोळा झालं. कड्यात अक्षरशः नागमोडी रेघ दिसते, तीही आडवी पडलेली. दोन थरांमधली फट जवळून पाहिली तर अशा वळ्यांत घसरल्याच्या बारीक समांतर रेघा सापडतात, हात फिरवला की एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने खरखरीत.

७. कमानीचा वरचा भाग कुठे गेला? फोटोत ती मधेच कापल्यासारखी दिसते.

झिजून गेला. वळ्या जमिनीखाली पडतात, मग जमीन वर उचलली जाते आणि ऊन-पाऊस-वारा वरून तासत येतात. कड्यावरच्या गवताच्या रेषेशी थर तुटतात तिथून पुढे कमान हवेत पुरी करायची. आम्ही चित्र काढताना हा भाग तुटक रेघेने दाखवतो. बाजूचे थर किती अंशांत उतरतात हे मोजलं की नाहीशी झालेली कमान किती उंच होती याचा बरा अंदाज बांधता येतो.

८. वळी किती जुनी आहे हे कसं कळतं? थराचं वय आणि वळीचं वय एकच नव्हे का?

एकच नव्हे. वळी थरापेक्षा नेहमी लहान. वाकलेल्यांतला सगळ्यात तरुण थर शोधायचा: वळी त्याच्यानंतरची. मग वाकलेल्या थरांना आडवा कापून वर सपाट बसलेला पहिला थर शोधायचा: वळी त्याच्या आधीची. उत्तर या दोहोंच्या मधे.

याचं सर्वांत गाजलेलं ठिकाणही समुद्रकडाच आहे, स्कॉटलंडमधला सिकार पॉइंट. १७८८ साली भूविज्ञानाचे आद्य अभ्यासक जेम्स हटन, त्यांचे मित्र जॉन प्लेफेअर आणि वर आलेले तेच जेम्स हॉल होडीतून तिथे गेले. खाली जवळजवळ उभे ठाकलेले करडे थर आणि त्यांच्या कापलेल्या टोकांवर तांबड्या वालुकाश्माचे किंचित कललेले थर. आज आपल्याला माहीत आहे की खालचे सुमारे ४३.५ कोटी वर्षांपूर्वीचे आणि वरचे ३७ कोटी वर्षांच्या आसपासचे. हटनकडे हे आकडे नव्हते, पण हिशोब त्यांच्या लक्षात आला: आधी साचणं, मग खडक होणं, मग वळणं, मग उचललं जाणं, झिजणं आणि त्यावर पुन्हा साचणं. काही हजार वर्षांत हे उरकणार नाही. दोन थरांमधली ती रेघ हाताच्या तळव्याने झाकता येते आणि तिच्यात सहा कोटींहून जास्त वर्षं आहेत.

९. पुण्याच्या आसपास वळ्या कुठे बघायला मिळतील?

टेकड्यांवर आणि घाटांत नाहीच. सिंहगड, पर्वती, वेताळ टेकडी, कात्रजचा घाट, पाताळेश्वराचं लेणं ज्यात कोरलं तो कातळ, सगळा दख्खनचा बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेला लाव्हा थरांवर थर पसरत गेला. आजही पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास तो पसरलेला आहे आणि घाटमाथ्यावर जवळजवळ सपाट आहे. घाटात कापलेल्या कड्यात काळ्या थरांच्या मधे विटकरी रंगाची रेघ दिसते ना, तिच्यावर नजर ठेवून बघा. ती डोंगरामागून डोंगर सरळ जाते. कुणी फूटपट्टी लावून ओढावी तशी.

मला हे पुण्याचं वैगुण्य वाटत नाही. लहानपणापासून सपाट थर बघणाऱ्याच्या डोळ्याला वाकलेला थर चटकन खुपतो. डॉर्सेटच्या कड्यावर माझ्या शेजारची इंग्रज मंडळी निवांत सँडविच खात बसली होती.

आणि पश्चिमेला खाली उतरलात तर एक अपवाद आहे, प्रश्न ११ मध्ये.

१०. पण मी टेकडीवर वाकडे थर पाहिलेत. फोटो पाठवतोय.

असे फोटो महिन्याला दोन-तीन येतात. आजवरचे सगळे पुढच्यांपैकी एका प्रकारात बसले.

पहिला आणि सगळ्यात फसवा प्रकार लाव्हाच्या जिभांचा. पुण्याकडचा बराचसा लाव्हा एका दमात जाड थर म्हणून आलेला नाही. तो लहान लहान जिभांनी सरकत, फुगत आला. एक जीभ थिजली की दुसरी तिच्या कुशीतून किंवा पाठीवरून. कापल्यावर प्रत्येक जीभ एखाद्या लोडासारखी किंवा भाकरीसारखी दिसते, वरून फुगीर. कडेला वायूच्या बारीक भोकांच्या रांगा त्या फुगीर आकाराला समांतर असतात. दुरून पाहिलं की हुबेहूब कमान! पण वळीतला थर कमानीतून झोळीत, झोळीतून पुढच्या कमानीत असा चालू राहतो. लाव्हाची जीभ मात्र दोन्ही टोकांना मिटते. बोटाने रेघ धरून चाला, बोट जिथून निघालं तिथेच परत आलं तर ती वळी नाही. सुरुवातीच्या काळात मी स्वतः अशाच एका जिभेला पंधरा मुलांसमोर ‘छोटी अपनती’ म्हणून मोकळा झालो होतो. त्यातल्या एका मुलीने बोट फिरवून दाखवलं. ही बोटाची युक्ती तिची.

दुसरा प्रकार कांद्याचा. बेसाल्टच्या ठोकळ्यात भेगांतून पाणी शिरतं, कोपरे आधी कुजतात आणि ठोकळा गोल होत पापुद्रे सोडतो. पायवाटेच्या कडेला मुरमात असे गोल गोळे भरपूर. मुरमाला हात लावला की पापुद्रा गळून पडतो.

तिसरा, वाकडे खांब. लाव्हा निवताना आकसतो आणि त्याचे बहुकोनी खांब होतात. अंधेरीची गिल्बर्ट हिल हे त्याचं मुंबईतलं प्रसिद्ध उदाहरण, तिथले खांब सरळ उभे आहेत. जिथे निवण्याची दिशा बदलत गेली तिथे खांब जन्मतःच पंख्यासारखे वाकतात.

तिन्ही ठिकाणी आकार जन्माचा किंवा कुजण्याचा आहे, रेट्याचा नाही.

११. सह्याद्री हा वली पर्वत आहे ना?

नाही. हिमालय आहे. सह्याद्री म्हणजे पठाराची तुटलेली आणि मागे मागे हटत आलेली कड. पुण्याहून जाताना तो डोंगर वाटतच नाही. खंडाळ्याला पोचेपर्यंत आपण सपाटीवरच असतो आणि मग एकदम दरी. कोकणातून वर बघणाऱ्याला तो भिंत वाटतो.

आता तो अपवाद. घाट उतरून पनवेल-मुंबईच्या पट्ट्यात आलं की हेच लाव्हाचे थर समुद्राकडे कलतात, दहा-पंधरा अंशांनी, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. माथ्यावर सपाट आणि इथे उतरते, म्हणजे मधे कुठेतरी थर वाकला आहे. भूविज्ञानात याला ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. एकाच बाजूला उतरणारी वळी, गालिचा पायरीवरून खाली सोडावा तशी. पण ही रेट्याने झालेली नाही, उलट ताणाने. हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून सुटून जात असताना पश्चिमेकडची बाजू ताणली गेली आणि खचली. थर खरोखर वाकला की तुकड्या-तुकड्यांनी विभंगांवर (ज्या भेगांवरून खडक सरकतो त्यांवर) कलून वाकल्यासारखा दिसतो, यावर अभ्यासकांत दोन तट आहेत. नेहमीच्या गाडीतून हे ‘दिसेल’ अशी आशा धरू नका. पसारा फार मोठा आहे आणि मधे झाडी, इमारती.

१२. कोकणच्या किनाऱ्यावरच्या कड्यांत काहीच नाही का?

उत्तर आणि मध्य कोकणात बेसाल्ट आणि त्यावर जांभा. हरिहरेश्वरच्या कातळात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी आणि लाटांनी कोरलेल्या खोबणी बघायला जरूर जा, पण वळ्या शोधू नका. तिथल्याच किनारपट्टीवर ‘करळ’ मिळतो: वाळू आणि शिंपल्यांचा चुरा चुन्याने चिकटून झालेला तरुण खडक. त्यातले पट्टे कधी तिरके असतात. वाळू ज्या उतारावर साचली त्याचा तो तिरकेपणा, वळीचा नाही.

तळकोकणात मात्र बेसाल्टची चादर संपते आणि खालची जुनी जमीन उघडी पडते. रेडीच्या लोहखनिजाच्या पट्ट्यातले खडक अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचे. लालसर-काळ्या आणि पांढुरक्या पट्ट्यांच्या अशा खडकात बोटभर लांबीच्या, आवळून बसलेल्या वळ्या असणं नेहमीचंच. गोव्यातले जुने रूपांतरित खडकही दुमडलेले आहेत. डॉर्सेटसारखा भव्य कडा तिथे मिळणार नाही. गुडघ्यावर बसून बघायच्या वळ्या आहेत या.

१३. म्हणजे बेसाल्ट कधी वळतच नाही?

वळतो. कर्नाटकातल्या धारवाडच्या जुन्या पट्ट्यांत प्राचीन लाव्हाही रूपांतरित होऊन दुमडलेला आहे. आपला दख्खनचा बेसाल्ट वाचला तो कठीण म्हणून नव्हे. तो तयार झाल्यापासून त्याला तसा रेटा बसला नाही, म्हणून. भारताची टक्कर झाली ती उत्तरेला.

१४. एकाच कड्याचे दोन फोटो पाहिले. एकात वळ्या आहेत, दुसऱ्यात थर चक्क सरळ. खोटा कुठला?

दोन्ही खरे. आळूवडीचा उंडा घ्या. आडवा कापला तर चकतीत पानं आणि बेसन यांची सुंदर गुंडाळी दिसते. तोच उंडा लांबीच्या दिशेने चिरला तर सरळ समांतर रेघा. कड्याचं तोंड वळीच्या अक्षाला आडवं असेल तर वळ्या दिसतात, समांतर असेल तर थर सरळ भासतात. किनारा वळण घेतो तसा कड्याचा छेद बदलतो आणि पन्नास पावलांवर चित्र पालटतं.

याची उलटी फसवणूकही होते. थर नुसते कललेले असतात, वाकलेले नाहीत. पण कडाच गोलाईत आत वळतो आणि फोटोत थर वाकल्यासारखे येतात. म्हणून एका फोटोवरून मी मत देत नाही. निदान दोन कोनांतून काढा आणि मोजमापाला शेजारी पेन किंवा नाणं ठेवा. माणूस ठेवलात तरी चालेल, पण कड्याखाली नको (प्रश्न १९).

१५. थर उलटा झालाय हे कसं ओळखायचं?

आडव्या पडलेल्या वळीत एक बाजू पूर्ण उलटी होते, जुना थर वर आणि नवा खाली. ओळखायला थराच्या आतल्या खुणा लागतात. बरणीत टेकडीवरची माती आणि पाणी घालून हलवा आणि ठेवून द्या: खडे आधी बसतात, वाळू मग, चिखल शेवटी. समुद्रतळाशी गाळाचा लोंढा बसतो तोही असाच, खाली भरड, वर बारीक. थरात भरड बाजू वर दिसली तर थर उलटा आहे असा संशय घ्यावा. ओहोटीच्या वाळूवर पडतात तशा तरंगांच्या खुणा असतील तर आणखी बरं, कारण त्यांचे टोकदार माथे मूळच्या वरच्या बाजूला असतात. दोन खुणा एकमेकींशी जुळल्या की मगच वहीत लिहायचं.

१६. वरचे थर सपाट, खालचे सपाट, मधला एकच थर चुरगळलेला. हे कसं?

हा माझा आवडता अपवाद. जमिनीच्या पोटातला रेटा असा निवडून एकाच थराला लागत नाही. इथे गाळ अजून ओला असताना घसरला आहे. उतारावर बसलेला चिखल भूकंपाने किंवा स्वतःच्याच वजनाने सरकला, चुरगळला आणि मग त्यावर नवा गाळ शांतपणे सपाट बसला. दुधावरची साय चमच्याने एका बाजूला ढकलली की गोळा होते तसं. मृत समुद्राच्या काठच्या पांढऱ्या-करड्या गाळात असे चुरगळलेले थर भरपूर आहेत. त्यावरून जुन्या भूकंपांचा माग काढतात. ओळखायची खूण: चुरगळलेल्या थराचा माथा वरच्या थराने सपाट कापलेला असतो आणि भेगा-शिरा वळीच्या आकाराशी जुळत नाहीत.

मग ही वळी की नाही? थर आधी सपाट होता, नंतर वाकला. म्हणजे प्रश्न १ च्या व्याख्येने वळीच. फक्त दगड होण्याआधीची.

१७. मोबाइलमधल्या कंपासने थराचा उतार मोजता येतो का?

उताराचा कोन, म्हणजे नती, ठीक येते. फोन थराच्या पृष्ठभागावर टेकवायचा, खाली वही ठेवून म्हणजे खडबडीतपणा मधे येत नाही. दिशेच्या बाबतीत मात्र पुण्यात फसाल. बेसाल्टमध्ये लोहाचं चुंबकीय खनिज असतं आणि फोन थेट कातळावर ठेवला की सुई भरकटू शकते. साधा कंपासही त्याला अपवाद नाही. कंबरेच्या उंचीवर धरून दिशा घ्या आणि दोन पावलं सरकून पुन्हा घ्या. चुनखडक-वालुकाश्माच्या कड्यात हा त्रास जवळपास नसतो. मात्र फोनच्या कव्हरला चुंबक असेल तर तो काढा. असं कव्हर वापरणारे तिघे एकदा आमच्यासोबत होते. त्या दिवशी टेकडीवर तीन उत्तर दिशा होत्या.

१८. इंग्लंडला जाणं परवडणार नाही. भारतात कुठे?

समुद्रकड्याचा आग्रह सोडला तर स्पिती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उघडे-बोडके डोंगर आणि त्यांत शेकडो मीटर उंचीच्या वळ्या. गंमत म्हणजे ते थर समुद्राचेच आहेत, टेथिस समुद्राच्या तळाचे. समुद्र गेला, कडे राहिले. जवळचं हवं तर कच्छ: भुजच्या आसपास ज्युरासिक काळाचे थर विभंगांवरून घुमटासारखे फुगलेले आहेत. किनाराच हवा असेल तर विशाखापट्टणम. तिथल्या खोंडालाइट खडकातले पट्टे वळलेले दिसतात, पण ते गाळाचे थर नाहीत, खोलवर तापून-दबून झालेले खनिजांचे पट्टे आहेत, हे ध्यानात ठेवून बघा. परदेशी जाणारच असाल तर क्रीटच्या दक्षिणेला अगिओस पावलोसचा चुनखडकही पाहून घ्या.

१९. कड्याखाली उभं राहायला काय हरकत आहे?

कडा ताजा दिसतो याचा अर्थ तो पडत असतो (प्रश्न ३). वळलेले थर जास्तच: भेगा भरपूर आणि उतरत्या थरावरून वरचा थर घसरायला तयार. पावसानंतरचे दिवस सगळ्यात वाईट. कड्याच्या उंचीइतकं तरी अंतर ठेवून बघा.

दुसरा धोका भरतीचा. कोकणात जुने लोक तिथीवरून वेळ काढतात: तिथीला पाऊण पट करा. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती, दिवसातून दोनदा. त्यापुढे-मागे सहा तासांनी ओहोटी. अंदाजाला उत्तम, पण जाण्याआधी त्या बंदराचा भरतीचा तक्ता बघाच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटीला कातळ लांबवर उघडा पडतो, म्हणून फिरायला तेच दिवस चांगले. भरतीही तेव्हाच सगळ्यात मोठी. ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी उतरायचं आणि पाणी फिरलं की कितीही चांगली वळी समोर असो, माघारी निघायचं. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर हाच नियम आहे.

२०. एखादा छोटा तुकडा घरी आणला तर?

कड्यातून फोडून नको. बऱ्याच ठिकाणी कायद्याने बंदी आहे आणि वळी तुकड्यात येतही नाही. घरी पोचतो तो साधा चुनखडकाचा खडा. किनाऱ्यावर पडलेला चालतो का, ते त्या जागेचा नियम वाचून ठरवा. माझ्या टेबलावर सिकारचा दगड नाही, तिथे गेलो त्या दिवशी काढलेलं पेन्सिलचं चित्र आहे. त्यावर पावसाचे तीन थेंब पडून करडा रंग पसरला आहे, नेमका त्या दोन थरांमधल्या रेघेवर.